वळचणीखालचा कॅमेरा आणि समोरचं दार

चेक प्रजासत्ताकातल्या एका कुटुंबावर काही वर्षं अनोळखी माणसांकडून हल्ले होत होते. २००५ ते २००७ या काळात त्यांच्या घराच्या खिडक्या अनेकदा फुटल्या. करणारे कोण, याचा माग लागत नव्हता. अखेर घरमालकाने छपराच्या वळचणीखाली एक कॅमेरा बसवला. ५ ऑक्टोबर २००७ पासून त्याचं चित्रण सुरू झालं, आणि ६ तारखेची रात्र उलटून ७ उजाडायच्या आत गलोलीच्या माऱ्याने पुन्हा एक काच फुटली. या वेळी मात्र चित्रण हाताशी होतं. त्यावरून दोन संशयित ओळखता आले. चित्रण पोलिसांकडे गेलं आणि फौजदारी कारवाईत ते वापरलंही गेलं.

पुढे त्या दोन संशयितांपैकी एकाने देशाच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कार्यालयाकडे विचारणा केली, की हा कॅमेरा कायद्यात बसतो का? कार्यालयाने ४ ऑगस्ट २००८ रोजी निर्णय दिला. घरमालकाने कायदा मोडला आहे, असा तो निर्णय होता.

चोराच्या उलट्या बोंबा! हे प्रकरण ज्याला ज्याला सांगितलं, त्याच्या तोंडून पहिल्यांदा हेच निघालं. माझ्याही तोंडून हेच निघालं होतं. ज्याच्या खिडक्या फुटतात त्यालाच सरकार दोषी ठरवतं, आणि तेही काच फोडल्याचा संशय असलेल्या माणसाच्या अर्जावरून. पण सगळी कागदपत्रं नीट वाचून काढल्यावर माझं मत पालटलं. अर्ज कुणी केला याने फारसा फरक पडत नाही. त्या कॅमेऱ्यासमोरून रोज कोण कोण जात होतं, याने पडतो. आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचा काचा फोडण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

युरोपीय संघाच्या न्यायालयात हे प्रकरण सी-२१२/१३ या क्रमांकाने नोंदलं गेलं. घराबाहेर कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

चौकटीत काय होतं

कॅमेरा एका जागी पक्का होता, वळणारा नव्हता. त्याच्या चौकटीत तीन गोष्टी येत होत्या: स्वतःच्या घराचं प्रवेशद्वार, सार्वजनिक पदपथ आणि समोरच्या घराचं प्रवेशद्वार. आवाज टिपला जात नव्हता, फक्त चित्र. ते हार्ड डिस्कवर साठायचं आणि डिस्क भरली की जुन्यावर नवं चढायचं. मॉनिटर जोडलेलाच नव्हता, त्यामुळे बसल्या जागेवरून रस्त्यावर काय चाललंय ते बघता येत नव्हतं. यंत्राला आणि चित्रणाला थेट हात लावू शकणारा माणूस एकच होता, घरमालक. ११ एप्रिल २००८ रोजी कॅमेऱ्याचा वापर थांबला. म्हणजे कार्यालयाचा निर्णय आला तेव्हा तो बंद होऊन जवळपास चार महिने लोटले होते.

आजच्या मानाने ही व्यवस्था किती साधी होती! मोबाइलवर थेट दिसणारं काही नाही, क्लाउड नाही, चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर नाही. घरमालकाचा हेतूही स्वच्छ होता. आपली मालमत्ता, आपली आणि घरच्यांची तब्येत आणि जीव सांभाळायचा, एवढंच. त्या हेतूवर न्यायालयानेही शंका घेतली नाही. म्हणूनच हे प्रकरण इतकं मोलाचं आहे. कुणी नाक खुपसणारा शेजारी असता, तर प्रश्न सोपा झाला असता आणि त्यातून शिकण्यासारखं काही उरलं नसतं.

आता चौकटीतली तिसरी गोष्ट बघा. समोरच्या घराचं दार सहा महिन्यांहून थोडा अधिक काळ रोज टिपलं जात होतं. दाराचं चित्रण म्हणजे नुसतं लाकूड आणि कडी नसते. सकाळी किती वाजता कोण बाहेर पडतं, मुलं कधी परततात, घर केव्हा रिकामं असतं, कुणाचं येणं-जाणं वाढलंय, डॉक्टर घरी येऊन गेले का, रात्री उशिरा कुणी आलं का, हे सगळं त्या चौकटीत जमा होत जातं. निकालपत्र वाचताना हा शेजारी आपल्याला भेटत नाही, भेटतं ते त्याचं दार. त्याने कुठे अर्ज केल्याचा उल्लेख नाही, कधी भांडण काढल्याचाही नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच आहे, आणि त्याच्यासोबत त्या पदपथावरून चालत गेलेली सगळी माणसं.

कार्यालयाचे आक्षेप

कार्यालयाने चेक कायदा क्रमांक १०१/२००० चा आधार घेऊन घरमालकावर तीन ठपके ठेवले. रस्त्याने जाणाऱ्यांची आणि समोरच्या घरात शिरणाऱ्यांची वैयक्तिक माहिती त्याने त्यांच्या संमतीशिवाय गोळा केली. हे चित्रण कोण करतंय, कशासाठी करतंय, कसं करतंय, ते कोण पाहू शकतं, हे त्या लोकांना कळवलं नाही. आणि कार्यालयाकडे नोंदणी केली नाही.

नोंदणीचा मुद्दा आज कालबाह्य झालाय. २०१८ मध्ये युरोपात लागू झालेल्या नव्या डेटा संरक्षण नियमावलीने अशी सरसकट नोंदणीची पद्धत काढून टाकली. न कळवण्याचा मुद्दा मात्र रास्त होता. भिंतीवर एक पाटी लावली असती, तरी बरंच काम झालं असतं. राहता राहिला संमतीचा मुद्दा, आणि तो मला सुरुवातीपासून लंगडा वाटत आलाय. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ‘तुमचं चित्रण करू का’ असं कोण विचारणार? आणि गलोल घेऊन येणारा काय संमती देणार आहे? संमती हाच एकमेव मार्ग धरला, तर रस्त्याकडे तोंड असलेला कुठलाच कॅमेरा कधी कायदेशीर ठरणार नाही.

घरमालक न्यायालयात गेला. प्राग शहर न्यायालयाने २५ एप्रिल २०१२ रोजी त्याचा दावा फेटाळला. मग तो ब्र्नो इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेला. त्या न्यायालयाने सुनावणी थांबवून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे एक प्रश्न पाठवला. युरोपीय कायद्याचा अर्थ लावायचा असेल, तर सदस्यदेशांतली न्यायालयं असं करू शकतात.

‘निव्वळ’ या एका शब्दावर

तेव्हा युरोपात वैयक्तिक माहितीचं संरक्षण १९९५ च्या निर्देशानुसार होत असे, क्रमांक ९५/४६. त्याच्या कलम ३(२) मध्ये एक सूट होती. एखादी व्यक्ती निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल, तर हा कायदा तिला लागूच होत नाही. कुणाला लिहिलेली पत्रं किंवा घरातली नाव-पत्त्यांची वही, ही उदाहरणं निर्देशाच्या प्रास्ताविकातच दिली होती. ही सूट नसती, तर लग्नाच्या निमंत्रितांची यादी करणाऱ्यालाही कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.

ब्र्नोच्या न्यायालयाचा प्रश्न असा होता: राहत्या घराचं आणि घरच्यांचं रक्षण करण्यासाठी लावलेला, पण सार्वजनिक जागाही टिपणारा कॅमेरा या सुटीत बसतो का?

निकालाआधी महाधिवक्ता नीलो यास्किनेन यांनी १० जुलै २०१४ रोजी आपलं मत मांडलं. (आपल्याकडे महाधिवक्ता राज्य सरकारची बाजू मांडतो, तिथला महाधिवक्ता कुणाचीच बाजू घेत नाही, न्यायालयाला तटस्थ सल्ला देतो.) वैयक्तिक काम कशाला म्हणायचं, याबद्दल त्यांनी जे लिहिलं ते मला फार पटलं. माणसाच्या खासगी आयुष्याशी जवळून जोडलेलं आणि दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात फारसं न शिरणारं, ते वैयक्तिक. म्हणजे ते काम तुम्ही कुठे बसून करता यावर भागत नाही, त्याची झळ कुणाला लागते हेही बघायचं.

न्यायालयाचा निकाल ११ डिसेंबर २०१४ रोजी आला. माणूस ओळखता येईल अशी त्याची प्रतिमा ही वैयक्तिक माहिती आहे, आणि ती टिपून हार्ड डिस्कवर साठवणं ही त्या माहितीवरची प्रक्रिया आहे, हे आधी स्पष्ट झालं. खासगी आयुष्याचा हक्क मूलभूत असल्याने त्याला दिलेल्या सुटी आखडत्या हातानेच वाचायच्या. कायद्यात नुसतं ‘घरगुती’ लिहिलेलं नाही, ‘निव्वळ घरगुती’ लिहिलंय. कॅमेरा अंशतः का होईना सार्वजनिक जागा टिपत असेल, तर तो माणसाच्या खासगी वर्तुळातून बाहेर रोखलेला असतो. म्हणून ते काम निव्वळ घरगुती म्हणता येत नाही.

‘अंशतः का होईना’ हे शब्द कडक आहेत. पदपथाचा हातभर पट्टा आला तरी सूट गेली. काही अभ्यासकांना हे अति वाटलं, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शहरातल्या दाटीत रस्त्याचा एक तुकडाही न टिपता दारावर कॅमेरा लावणं जवळपास अशक्य असतं. तरीही रेषा कुठेतरी ओढायची, तर उंबरठ्यावरच ओढलेली बरी, असं मला वाटतं. ‘थोडासा रस्ता चालेल’ असं एकदा म्हटलं, की तो थोडासा रोज थोडा रुंद होत जातो.

निकालात पुढे जे लिहिलंय

बहुतेक लोक इथेच वाचन थांबवतात. ‘रस्ता दिसला की कॅमेरा बेकायदा’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. निकाल तसं म्हणत नाही.

सूट लागू नाही याचा अर्थ एवढाच, की तुम्ही कायद्याच्या कक्षेत आलात. कायद्यात आल्यावर तुम्ही दोषी ठरता की नाही, तो पुढचा प्रश्न. न्यायालयाने त्याच निकालात पुढे लिहिलं, की मालमत्ता, आरोग्य आणि जीव वाचवण्याचं घरमालकाचं रास्त हित विचारात घ्यायला निर्देशात जागा आहे, आणि त्यासाठी कलमांचा उल्लेखही केला: ७(फ), ११(२), १३(१)(ड) आणि (ग). पहिलं कलम म्हणजे संमतीला पर्याय. रास्त हित असेल आणि समोरच्याचे हक्क त्याहून जड भरत नसतील, तर संमतीशिवाय माहिती वापरता येते. दुसरं, प्रत्येकाला कळवणं अशक्य किंवा अवाजवी कष्टाचं असेल तिथे कळवण्याची अट सैल करतं. उरलेली दोन, गुन्हे रोखणं, शोधणं आणि इतरांचे हक्क राखणं यासाठी बंधनं कमी करू देतात.

म्हणजे कार्यालयाने संमतीवर जो भर दिला होता, तो या निकालाने हलका केला. फौजदारी कारवाईत ते चित्रण पुरावा म्हणून चालेल की नाही, हा प्रश्न तर लक्झेंबर्गपुढे नव्हताच. संशयित सुटले पाहिजेत असं त्या निकालात कुठेही नाही.

तराजू कसा धरायचा

बरोबर पाच वर्षांनी, ११ डिसेंबर २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने रुमानियातल्या एका इमारतीच्या प्रकरणात (सी-७०८/१८) हा तराजू कसा धरायचा ते अधिक नेमकं सांगितलं. तिथे रहिवासी संघाने इमारतीच्या सामाईक जागांत कॅमेरे लावले होते आणि एका फ्लॅटमालकाने हरकत घेतली होती. लिफ्टची अनेकदा मोडतोड झालेली, चोऱ्या झालेल्या. त्याआधी प्रवेशद्वारावर इंटरकॉम आणि चुंबकीय कार्ड बसवून झालं होतं, तरी गुन्हे थांबले नव्हते. न्यायालयाने तीन गोष्टी बघायला सांगितल्या. धोका खरा आणि आजचा हवा, कल्पनेतला नको. कमी घुसखोरीचा उपाय पुरेसा ठरत नसेल तरच कॅमेरा. आणि शेवटी दोन्ही पारड्यांची तुलना.

हाच तराजू मी चेक घरमालकाला लावून पाहतो. धोका खरा होता. फुटलेल्या खिडक्या त्याची साक्ष देतात. हल्लेखोर रस्त्यावरून येत होते, तेव्हा अंगणापुरता कॅमेरा लावून काही हाती लागलं नसतं. गलोलीने नेम धरणारा माणूस कुंपणाच्या आत कशाला येईल? म्हणून पदपथाचा पट्टा टिपण्याला कारण होतं.

समोरच्या दाराला मात्र मला तेवढं कारण सापडत नाही. कॅमेरा थोडा खाली झुकवता आला असता, किंवा चौकटीचा वरचा भाग झाकता आला असता. आजच्या साध्या डीव्हीआरमध्येही (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही याच वाटेने जातात. रक्षणाची गरज साधारणपणे मालमत्तेच्या हद्दीपाशी संपते. हद्दीबाहेर जायची वेळ आलीच, तर नको असलेला भाग झाका किंवा धूसर करा, असं त्या सांगतात.

चित्रण किती दिवस ठेवायचं? या घरात ते डिस्कच्या आकारावर सोडलं होतं, आणि ही सवय चुकीची आहे. दिवस माणसाने ठरवावेत. त्याच सूचनांनुसार ७२ तासांपेक्षा जास्त ठेवायचं असेल, तर जास्त भक्कम कारण द्यावं लागतं. काच रात्री फुटली तर सकाळी कळतेच, त्यामुळे राहत्या घराला तीन दिवस सहसा पुरतात.

एका गोष्टीत मात्र या घरमालकाने घालून दिलेला धडा आपण सगळ्यांनी गिरवावा. चित्रण त्याने पोलिसांकडे दिलं. आपल्याकडे सोसायटीत सायकल चोरीला गेली, की चित्रफीत आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, पोलिसांकडे नंतर जाते, कधी जातच नाही. ग्रुपवर गेलेल्या चेहऱ्याचा माणूस निर्दोष निघाला, तर ती चित्रफीत परत आणायची कशी? युरोपात याचं उत्तर २००३ मध्येच मिळालं होतं. स्वीडनमधल्या चर्चच्या एका कार्यकर्तीने सहकाऱ्यांची माहिती इंटरनेटवर टाकली होती. जी माहिती असंख्य लोकांपर्यंत पोचते ती घरगुती राहत नाही, असं याच न्यायालयाने तेव्हा सांगितलं होतं.

चेक घरमालकाने आवाज टिपला नाही, हेही त्याच्या पारड्यात जातं. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयात दारावरच्या कॅमेरा-घंटीचं एक प्रकरण आलं. तिथल्या न्यायाधीशांना लांबवरचं बोलणं टिपणारी ध्वनिमुद्रणाची सोय चित्रापेक्षाही जास्त खटकली. दारावर अशी घंटी असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन आवाज बंद करा. चोर ओळखायला शेजारणीचं फोनवरचं बोलणं लागत नाही.

आपल्या सोसायटीच्या दारात

भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, २०२३ च्या, हीच सूट कलम ३ मध्ये आली आहे. एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल, तर कायदा लागू नाही. पण त्यात ‘निव्वळ’ हा शब्द नाही. युरोपात ज्या एका शब्दावर सगळं ठरलं, तो आपल्या कायद्यात नाही आणि भर आहे तो कारणावर. त्यामुळे रस्ता टिपणारा घरचा कॅमेरा आपल्याकडे सुटीत बसतो, असा युक्तिवाद करायला जागा आहे.

सुटीबाहेर पडणाऱ्याची वाट मात्र आपल्याकडे जास्त अवघड आहे. दोन्ही पारड्यांची तुलना करू देणारं युरोपसारखं सर्वसाधारण कलम आपल्या कायद्यात नाही. संमती, किंवा कलम ७ मधली मोजकी कारणं, किंवा गुन्हा रोखणं आणि शोधणं यासाठी कलम १७ ने दिलेली सवलत, यांतूनच मार्ग काढावा लागेल. आणि ही घरगुती सूट व्यक्तीला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था ही व्यक्ती नव्हे. जिन्यातला, लिफ्टमधला, फाटकावरचा कॅमेरा कमिटीचा असेल, तर ‘आमचा घरचा मामला आहे’ असं कमिटीला म्हणता येणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेत आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तयारीला तेवढाच वेळ आहे.

‘रस्त्यावर आल्यावर कसली आलीय प्रायव्हसी?’ असं विचारणाऱ्यांसाठी २४ ऑगस्ट २०१७ चा आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा नऊ न्यायाधीशांचा निकाल आहे. खासगीपणा माणसाला चिकटलेला असतो, सार्वजनिक जागी आल्याने तो गळून पडत नाही, असं त्यातल्या मुख्य निकालपत्रात म्हटलंय.

तेव्हा चेअरमन-सेक्रेटरींनी सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांचा ठराव मांडताना फक्त कोटेशनची रक्कम लिहू नये. कोणता कॅमेरा कुठे रोखलाय, कुणाचं दार चौकटीत येतं आणि ते झाकलंय का, चित्रण किती दिवस राहणार, पासवर्ड कुणाकडे, पोलिसांखेरीज कुणाला आणि कशाच्या आधारे दाखवणार, हेही ठरावात लिहावं. आणि कॅमेरे बसवून झाले, की ज्याचं दार समोर येतं त्या घरच्या माणसाला एकदा स्क्रीनसमोर बसवून त्याची चौकट दाखवावी.